सरकत्या जिन्यावरची बैठक

मॉलला जीव लावणारा माणूस जगात एकच झाला आणि तो आमच्या ताईचा सासरा आहे, हे मी कुठंही छातीठोकपणे सांगेन. बाकीचे लोक मॉलमध्ये खरेदीला जातात, उन्हाळ्यात गार हवा खायला जातात, काहीही न घेता फोटो काढून परत येतात. हे मात्र लेकीच्या सासरी जावं तसे नटूनथटून जायचे. धुवट धोतर, कडक इस्त्रीची टोपी आणि मॉलमधल्या मंडळींसाठी उपरण्याच्या टोकाला बांधलेले फुटाणे. ताई त्यांना मामा म्हणते म्हणून आम्हीही सगळे मामाच म्हणतो. मुरुमच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. पांढरीशुभ्र गादी, टेकायला लोड, आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा, मग पोराबाळांची चौकशी आणि हे सगळं झाल्यावर जमलंच तर कापड, अशी तिथली पद्धत. त्यांच्या मुलानं, म्हणजे आमच्या दाजींनी, ते दुकान बंद करून धाराशिवच्या नव्या मॉलमध्ये वरच्या मजल्यावर साड्यांसाठी गाळा घेतला, तेव्हा मामा आता अंथरूण धरणार असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. मामा उद्घाटनाला आले, सरकत्या जिन्यावर उभे राहिले, वर पोचले आणि प्रेमात पडले. "म्या नुसता उभा हाय अन् दुकानच माझ्याकडं यायलंय," असं त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. तेव्हापासून ते रोज त्या जिन्यानं वर जायचे, पण खाली कधी जिन्यानं आले नाहीत. उतरताना साध्या पायऱ्या. "उतरायला काय यंत्र लागतंय व्हय?" असं विचारायचे.

गादीच्या दुकानात चपला बाहेर काढायच्या असतात, हे मामांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यामुळं पहिल्याच दिवशी त्यांनी मॉलच्या काचेच्या दारात चपला काढल्या. त्यांच्या मागून येडशीहून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांनी मामांचं बघून काढल्या. त्यांचं बघून पुढच्यांनी. दुपारपर्यंत दारात चपलांचा असा ढीग झाला, की आत लग्न लागतंय असं वाटून दोघंतिघं आहेर घेऊनच आत शिरले, असं दाजी सांगतात. यातलं थोडं मी सोडून देतो. दारावर पहाऱ्याला असलेले चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "अजी मामाजी, चप्पल कायकू निकालरे? ये मॉल है." मामा म्हणाले, "फरशी बघा की कशी आरशावानी हाय. तुमचा जीव व्हतो का वर पाय द्यायला?" चाचांनी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी दाराशेजारी चपला ठेवायला लोखंडी घोडा, म्हणजे मांडणी, आली, आणि पुढं तर कुणी बूट घालून आत शिरलं की चाचाच त्याच्याकडं रोखून बघायला लागले.

मॉलमधल्या पुतळ्यांचंही मामांना भारी अगत्य. दाजींच्या गाळ्यात साड्या नेसवलेले पुतळे होते, त्यांच्या डोक्यावरून मामा रोज सकाळी पदर घ्यायचे आणि दाजी रोज दुपारी तो पाडायचे. शेजारच्या जीन्सच्या दुकानातल्या पुतळ्याला मुंडकंच नव्हतं. मामा बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि शेवटी आपली टोपी काढून त्याच्या मानेवर ठेवून आले. गार हवेचं यंत्र सुरू झालं की भर मे महिन्यात कानाला मफलर. पण सगळ्यात मोठी अडचण होती ती गिऱ्हाइकांनी उभं राहण्याची. साड्या हँगरला टांगलेल्या, बाया उभ्याउभ्या बघतायत, उभ्याउभ्या परत लावतायत, हे त्यांना बघवायचं नाही. ते घरून एक घडीची खुर्ची घेऊन आले आणि दिसेल त्या बाईच्या मागं ती नेऊन ठेवायला लागले. "बसा माय. उभ्यानं घेतलेली साडी अंगाला लागत न्हाय." बिचाऱ्या घाबरून बसायच्या आणि बसल्यावर नुसतं निघून जायला त्यांना संकोच वाटायचा. दाजींचा धंदा पहिल्या वर्षी चांगला झाला, त्याचं निम्मं श्रेय मी त्या खुर्चीला देतो.

मग आला दसरा. त्या दिवशी यंत्राची पूजा करायची, आणि अख्ख्या मॉलमध्ये मामांच्या लेखी यंत्र एकच. त्यांनी अणदूरहून झेंडूची फुलं मागवली, मनगटाएवढा जाड हार स्वतः ओवला, जिन्याला कुंकू लावलं आणि हार या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत बांधला. सगळ्यांनी हात जोडले. मामा म्हणाले, "करा चालू." आता सरकत्या जिन्याचा कठडाही सरकतो, हे त्या गर्दीत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. हार वर निघाला, ताणला, तुटला, पायऱ्यांवर पडला आणि वरच्या दातांमध्ये शिरला. जिन्यानं एकदा मोठा ठसका दिला आणि तो जो बंद पडला तो पडलाच.

खरं तर तोवर मॉलच्या नव्याची नवलाई ओसरली होती. रविवारची गर्दी आटली होती, लोक घरबसल्या फोनवर कपडे मागवायला लागले होते. मालक दुरुस्तीचा माणूस पाठवतो म्हणाला आणि फोन उचलेनासा झाला. जीन्सचं दुकान गेलं, खेळण्यांचं गेलं, वरच्या मजल्यावर दाजींचं एकटं शटर उघडायला लागलं. पण मामांनी सगळा दोष स्वतःकडं घेतला. रोज यायचे, जिन्याचा कठडा थोपटायचे, म्हणायचे, "म्याच गळ्यात हार घातला ह्याच्या." दाजी खचले होते. मी पुण्यात नोकरीला असतो, तेव्हा तिकडच्या एका मोठ्या मॉलमध्ये त्यांच्यासाठी मीच शब्द टाकला आणि जागा मिळाली. दाजी, ताई, पोरं सगळ्यांनीच पुण्याला यायचं ठरलं. मामा येणार नव्हते. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "पुण्याच्या मॉलात माणसाला बसवत्यात का रं?" मी नाही म्हणालो. त्यांनी फोन ठेवून दिला आणि पुढं कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. धाराशिवच्या घरात ते एकटे राहणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही, आणि मला त्याचं वाईट वाटत होतं.

एके दिवशी सकाळीच मामा एसटीत बसले आणि मुरुमला गेले. तिथून आसपासची गावं पालथी घातली. कुणाची लेक लग्नाची, कुणाची सुपारी फुटली, हे त्यांना अजून तोंडपाठ. जुन्या गिऱ्हाइकांच्या ओसरीवर जाऊन बसायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "तुमच्या सासूच्या लग्नाचा बस्ता म्या बांधला, तुमचा म्या बांधला, आता पोरीचा कोन बांधनार?" आमच्याकडं लग्नाचं सगळं कापड एकदाच, एकाच दुकानात, अख्खी भावकी सोबत नेऊन घेतात. नवरीच्या शालूपासून मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोपीपर्यंत. त्याला बस्ता म्हणतात, आणि बस्ता उभ्यानं होत नाही. मुरुमच्या एका घरानं होकार दिला. नवरदेवाकडची मंडळी कर्नाटकातली. दोन्हीकडची मिळून जीपा भरभरून माणसं मॉलच्या दारात उतरली, आणि मामा चपलांच्या घोड्याशेजारी उभे राहून एकाला "बसा, बसा," तर दुसऱ्याला कानडीत "बर्री, कुंद्री," म्हणत होते.

वरच्या गाळ्यात एवढी माणसं मावणार नव्हती. मामांनी मुरुमच्या दुकानातल्या जुन्या गाद्या आणवल्या होत्या, त्या मॉलच्या खालच्या मोकळ्या चौकात अंथरल्या. दाजी ओशाळून म्हणाले, "अहो, लोक काय म्हणतील? मॉल आहे हा." मामा म्हणाले, "लोक बसले की काय म्हनत न्हायत." गाद्या भरल्या. मागं राहिलेल्या बायांना काही दिसेना. तेवढ्यात नवरदेवाची आत्या, वजनदार बाई, पाय दुखतायत म्हणून बंद पडलेल्या जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून तिला सगळं स्वच्छ दिसलं. तिनं हाका मारल्या, आणि बघता बघता अख्खा जिना बायांनी भरून गेला. खाली दाजी साड्यांच्या घड्या मोडतायत, वरून आवाज येतोय, "त्यो न्हाय, त्यो अंजिरी दाखवा," शालू हातोहात पायरीपायरीनं वर चाललाय, वरच्या आत्यानं पसंत केला की तसाच खाली येतोय. दरवेळी बस्त्याला पुढं बसलेल्या चारचौघींचंच चालायचं, मागच्या रुसायच्या. त्या दिवशी कुणीच रुसलं नाही. चाचा दारात चपलांच्या जोड्या लावता लावता दमले आणि शेवटी स्वतःही आत येऊन एका पायरीवर बसले.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. लग्नसराईत रोज बस्ता, कधी दोन. मग बंद शटरं एकेक करून उघडली. बांगड्यावाले आले, मुंडावळ्या-बाशिंगवाले आले, पत्रिका छापणारे आले, जीन्सच्या जागी फेटे बांधणारे आले आणि मागंच राहून गेलेल्या त्या मुंडकं नसलेल्या पुतळ्याच्या मानेवर आता फेटा आला. दाजींनी मला फोन करून सांगितलं, "तिकडं नाही म्हणून कळवून टाक बाबा. इथं जेवायला सवड नाही." मागून मामांचा आवाज ऐकू आला, "त्येला म्हनावं, बरा हाईस का?" मी लई दिवसांनी पोटभर हसलो.

भरभराट दिसल्यावर मालकानंही फोन उचलला आणि दुरुस्तीचा माणूस पाठवला. त्यानं पत्रा काढला, आतून काळा पडलेला दोरा आणि झेंडूचा चुरा निघाला. बटण दाबलं, जिना चालू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी पहिली पायरी धरायला पाय उचलला आणि तेवढ्यात त्यांची नजर बाजूला गेली. बस्त्याला आलेल्या बाया गोंधळून उभ्या होत्या. कुठं बसावं त्यांना कळत नव्हतं. मामांनी पाय खाली ठेवला. म्हणाले, "बंद करा त्यो."

तेव्हापासून जिना बंदच असतो. वर्षातून एकदा, दसऱ्याला, दाजी तो फक्त मामांसाठी चालू करतात. यंदा मीही गेलो होतो, लगेचच्या गाडीनं पुण्याला परतायचं होतं. मामांनी चपला काढल्या, चाचांनी त्या उचलून नीट ठेवल्या. हार नाही, झेंडूचं एकच फूल, तेही जपून खिशात. पूर्वी मामा हात मागं बांधून ऐटीत वर जायचे, यंदा त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. वर पोचल्यावर कितीतरी वेळ ते खाली उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांकडं बघत राहिले. दाजींनी विचारलं, "अजून एकदा?" मामा म्हणाले, "पुरं. बंद कर. दुपारी बस्ता हाय, मंडळी बसायची हायत." जिना थांबला, आणि साध्या पायऱ्या सोडून ते त्याच जिन्यानं सावकाश उतरायला लागले. निम्म्यावर आल्यावर दम लागला तसे बसले. शेजारची जागा उपरण्यानं झटकली आणि मला म्हणाले, "ये, बस की. गाडीला येळ हाय अजून."

गाडीला वेळ नव्हता. मी वर गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.