परवानगीच्या यादीतला नंबर

कुठलीही फाईल उघडण्याआधी सर मॉनिटरच्या कडेवर बोटाने टकटक करत. "इचारल्याबिगर कोनाच्या घरात घुसू नये, बाप्पा," असं वर म्हणत. मुलं हसायची. सर मात्र मनापासून बोलत असत.

संग्रामपूरच्या आमच्या कॉलेजात ते सिस्टम प्रोग्रामिंग शिकवायचे आणि मी लॅब सांभाळायचो. जे शिकवतात तेच अंगात मुरलेले शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. सर कोणाच्या घरी गेले तरी 'या' म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभे राहत. एका लग्नात पंगतीला बसा असं कोणी म्हटलं नाही, तर गडी उपाशीच घरी आला! दुसऱ्या दिवशी मी चिडवलं तर म्हणाले, "मले काही हक्क होता काय बसाचा?"

त्यांचा आवडता धडा परवानग्यांचा. फाईल कोण वाचू शकतं, कोण बदलू शकतं, याची यादी कॉम्प्युटर त्या फाईलबरोबरच ठेवतो. ती प्रोग्राममधून मागवायला फंक्शनं, म्हणजे तयार आज्ञा, असतात. यादी मागवा, एकेक नोंद पुढे सरकत वाचा, काम झालं की अडवलेली मेमरी मोकळी करा. "आनि ध्यानात ठेवा," सर सांगत, "यादीत मानसाचं नाव नसते. फक्त नंबर असते. नाव खात्यातून शोधा लागते."

हे दाखवायला ते स्वतःचंच फोल्डर घेत. त्या यादीत त्यांच्याशिवाय एकच माणूस होतं, त्यांची बायको. बाईही आमच्याच विभागात शिकवायच्या. दोघांनी मिळून लिहिलेले सगळे प्रोग्राम त्या फोल्डरात होते. मूलबाळ नव्हतं. बाई आजारपणात गेल्या आणि नियमाप्रमाणे ऑफिसने कॉलेजच्या कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातं बंद केलं. तेव्हापासून सर यादी काढत तेव्हा बाईंच्या नावाच्या जागी नुसता नंबर यायचा.

"सर, हा नंबर कोनाचा हाय?" दरवर्षी कोणीतरी विचारायचंच.

"आमच्या घरचा," सर म्हणत आणि पुढच्या ओळीकडे वळत.

मग सोनाळ्याची एक तरुण मॅडम नवीन लागली. ऑफिसातल्या माणसाने तिचं खातं उघडताना रिकामा दिसला तो नंबर देऊन टाकला. तो बाईंचा होता. त्याच्या गावीही नव्हतं की खातं गेलं तरी जुन्या याद्यांमध्ये नंबर तसाच राहतो.

पुढच्या प्रॅक्टिकलला सरांनी भरवर्गात यादी काढली. पडद्यावर बाईंच्या जागी नवीन मॅडमचं नाव आलं. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "सर, ह्या बी तुमच्या घरच्याच काय?" वर्गात हशा पिकला.  सरांनी प्रोजेक्टर बंद केला. मला त्या पोरांचा फार राग आला, आणि सरांकडे बघवेना.

"नोंद काढून टाकू काय, सर?" मी नंतर विचारलं. आता मॅडमला न विचारताही ते फोल्डर उघडता आलं असतं; त्यांच्याच नियमाने ती काढायलाच हवी होती.

"काढली का मंग तिचं काहीच राह्यत नाही इथं," ते म्हणाले.

संध्याकाळी मॅडम स्वतः आली, रडवेली होऊन. "सर, माह्यं नाव काढून टाका. मी काहीच उघडलं नाही."

सर खुर्चीत बसले, नोंद काढायला हात की-बोर्डवर ठेवले. मग उठून तिलाच खुर्ची दिली. "राहू द्या, मॅडम. आता आल्याच हाय तर वाचा."

ती वाचू लागली. बाईंनी प्रोग्रामच्या ओळींमध्ये जागोजागी नवऱ्याला दम भरून ठेवला होता. "अहो, इथे मेमरी मोकळी करायची राहिली." "परत तीच चूक. चहा मिळणार नाही." मॅडम मोठ्याने वाचत होती आणि सर हसत होते. बाई गेल्यानंतर त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. पुढे मॅडम अधूनमधून फोल्डर उघडायची, काही अडलं तर त्यांना विचारायची. त्या दिवशी सर डबा पूर्ण खात.

रिटायर झाल्यावर सर हिवरा आश्रमाजवळ खोली घेऊन राहिले. एकटेच. परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाले, "मॅडम उघडते काय फोल्डर?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. जमलं नाही. "मॅडम लग्न होऊन अमरावतीले गेल्या, सर. खातं बंद झालं त्याईचं."



"म्हंजे आता तिथं नुसता नंबरच असन."

"हाव, सर."

"बरं हाय," ते म्हणाले. मग अगदी हळू, "त्यो आता कोनाले देऊ नका म्हना. ऑफिसात सांगजा तेवढं."

सांगतो म्हणालो आणि लॅबबाहेर काढलेल्या चपला न घालताच ऑफिसकडे धावलो. प्रवेश सुरू होते. खिडकीसमोर नवीन मुलांची रांग लागली होती आणि आत खाती उघडणं चाललं होतं.