हिशेब मशीन करतं, मग सुजाता काय करते?

आज सकाळपासून पान हलत नाही. दिवाळी तोंडावर आली, पण काळाचौकीत ऊन असं की गॅलरीत टाकलेला शर्ट चहा उकळेपर्यंत वाळून कडक होतो. रविवार आहे, ऑफिसला सुट्टी. मी खुर्ची सावलीत ओढून बसलोय आणि ऑफिसमधले किस्से आठवून लिहितोय. आमच्या पँट्रीच्या सिंकमध्ये कप साठतात ना, तसे हे साठतात. वेळेवर विसळले नाहीत तर दुसऱ्या दिवशी हात घालायला जागा उरत नाही. म्हणून आज विसळायला घेतलेत.

ऑफिस परळला. ज्या गिरणीत मी कापड विणायच्या साच्यावर उभा राहिलो, तिच्याच जागेवर आता काचेचा टॉवर आहे आणि त्यात मी चहा देतो. कंपनी फोनवरून कोकणचा माल विकते. कोकम, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, कुळथाचं पीठ, सुकट, दिवाळीला फराळ. मालक निखिल, माझ्या नातवाच्या वयाचा. आणि अकाउंट्सला सुजाता. ती आमच्याच चाळीतली, शेजारच्या विमलवहिनींची लेक. घरात कमावती तेवढी एकच.

मे महिन्यात निखिलने नवी सिस्टीम आणली. बिलं, नोंदी, टॅक्स, सगळं आपोआप!

सुजाता म्हणाली, "मस्तच की! मग मी काय करू?"

"ते तूच सांग. दिवाळीपर्यंत बघू."

तो हसत म्हणाला. ती हसली नाही. मी चहा ठेवला आणि गुपचूप बाहेर आलो.

* * *

तेव्हापासून ही पोरगी खुर्चीत टिकेना. कुळथाचं पीठ सारखं परत येत होतं. सिस्टीम सांगायची, माल परत आला. का आला, ते काही सांगेना. सुजाताने सरळ लोकांना फोन लावले. एक गृहस्थ तिच्यावर ओरडलेच, "फोटोत वाफाळती पिठी आणि भात! पाकिटात नुसतं पीठ!"

लगेच नवा फोटो काढायचं ठरलं. पातेल्यात पिठी ढवळणारा हात, शेजारी पिठाचं पाकीट. फोटोवाला म्हणाला, "हातासाठी मॉडेल आणावी लागेल."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. "अण्णा, हात धुऊन या."

"अहो मॅडम, ह्यांचा हात? सुरकुत्या बघा!"

"सुरकुत्या असू देत, घरचं वाटेल. आणि अण्णांचा हात पगारात येतो, मॉडेलचा येत नाही!"

आता तो हात देशभर फिरतोय. मी अजून बोरिवलीच्या पुढे गेलो नाही.

* * *

तक्रारींना उत्तर द्यायलाही एक मशीन आहे. अँटॉप हिलच्या एका बाईंची आगळाची बाटली पिशवीत फुटली. नवी साडी लाल! त्यांनी तसं लिहिलं. मशीनने उत्तर दिलं, "आमचा माल आवडला हे वाचून आनंद झाला."

बाई अशा भडकल्या की विचारू नका. पैसे परत द्यायचं काम सुजाताचं, म्हणून तिने स्वतः फोन केला. मी चहा नेला, तो गार झाला. दुसरा नेला, तोही गार. शेवटी तिने फोन ठेवला.

निखिल धावत आला. "काय म्हणतात? पैसे परत पाहिजेत?"

"नको म्हणाल्या. दोन बाटल्या अजून मागवल्यात. आणि माझ्यासाठी भाच्याची पत्रिका पाठवतायत!"

* * *

जाहिरातीचा रोहन मीटिंगमध्ये खुशीत होता. सुकटीचा व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा ट्रे खाली ठेवून वाजवल्या.

सुजाताने विचारलं, "रोहन, सुकट आपण कुठे पोचवतो?"

"मुंबईत."

"आणि व्हिडिओ सगळ्यात जास्त कुठे बघितला?"

रोहनने स्क्रीनवर आकडे उघडले. मग हळूच म्हणाला, "कॅनडात."

निखिल म्हणाला, "अण्णा, रोहनला चहा द्या. साखर जरा जास्त."

* * *

गणपती आले. सिस्टीम म्हणाली, लालबाग-काळाचौकीत ऑर्डरी वाढल्यात, चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत माल पाठवा. सुजाताने कपाळावर हात मारला. "दार उघडणार कोण? तोवर सगळे गावाला गेलेले असतात!"

"मग मागवतात कशाला?" निखिल दादरचा, त्याला काय ठाऊक!

"गावी न्यायला."

"कोकणातलं कोकम मुंबईत मागवून परत कोकणात?"

"पाकीट छान आहे ना आपलं!"

पण ज्यांचं पार्सल उशिरा आलं, त्यांच्या दाराला कुलूप. सुजाताने तोड काढली. विमलवहिनींचे गुडघे धरलेले, त्या गावाला जात नाहीत. त्यांचं दार कायम उघडं. पार्सलं तिथे ठेवायची, लोकांनी परतल्यावर न्यायची. वहिनींना कंपनीकडून दर महिन्याला पैसे सुरू झाले. लेकीने एकच नियम शिकवला, फोनवर आलेला ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हलवायचं नाही.

मी माझंच पाकीट घ्यायला गेलो, तर वहिनींनी हात पुढे केला. "ओटीपी?"

"वहिनी, अहो मी! इतक्या वर्षांचा शेजार!"

"मी तुमका वळखतंय हो. पण पार्सल खंय वळखता!"

* * *

परवा निखिल पँट्रीत आला. "अण्णा, सुजाताच्या घरी कसं जायचं? रविवारी येतो. नोकरीचं काय ते तिच्या आईंसमोरच सांगेन म्हणतो."

मी बशी विसळत त्याच्याकडे बघितलं. तोंडावरून काही कळेना. मी रस्ता सांगितला. वहिनींना मात्र काही बोललो नाही. सुजातालाही नाही. बोलणार काय?

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, निखिल जिना चढून वर आला. घामाने भिजलेला, हातात पिशवी. सुजाता बाजारात गेलीय. वहिनींनी त्याला कधी बघितलेलं नाही. मी चष्मा काढून, खुर्चीला धरून उठेपर्यंत तो त्यांच्या दारात पोचलासुद्धा.

"नमस्कार काकू. मी निखिल, कंपनीचा मालक. सुजाताचं सांगायला..."

वहिनींनी दारात हात आडवा केला. त्याने पिशवीतून काहीतरी काढलं. वहिनींनी मान वळवून मला हाक मारली,

"अण्णानु, जरा बघा हो! ह्यो म्हणता मी मालक. आणि ओटीपी मागलंय तर पेढे पुढे करता!"