पॉलिशवाल्यांची कंपूशाही

आमच्या मामांच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार: पॉलिशवाले आणि इतर. इतरांमध्ये सुतार सगळ्यात खालचे. मामा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशखात्याचे मुकादम. मागच्या बाजूची, स्पिरिटच्या वासाची लांबट खोली हे त्यांचं राज्य. तिथला नियम एकच. आपल्यातल्या कुणाचं काही चुकलं, तर ज्याच्या नजरेला पडेल त्याने ब्र न काढता सावरून घ्यायचं आणि बाहेरून विचारणा झालीच, तर सुतारांकडे बोट दाखवायचं. टेबलावर डाग? लाकूडच ओलं. कपाटावर ओघळ? फळीलाच उतार. सुतारांच्या मुकादमाने नमस्कार केला, तरी मामांना तो काटकोनात वाटायचा नाही.

एकदा जेवणाचं एक मोठं टेबल गिऱ्हाइकाकडून परत आलं. अर्धं लखलखीत, अर्धं कोरडं ठक्क. मामा "लाकूड ओलं–" म्हणताहेत तोवर मालक कडाडले, "पुरे झाली तुमची कंपूशाही!"

घरी जेवताना मामांनी विचारलं, "कंपूशाही म्हणजे वाईटच का गं?"

"तुम्ही भावंडं जमता," मामी म्हणाली, "तेव्हा तुमच्या ताईंच्या हातून दूध उतू जातं आणि सगळ्यांच्या मते चूक गॅसची असते. ती कंपूशाही."

"त्याला माया म्हणतात."

"माया असती तर कुणीतरी म्हणालं असतं, 'ताई, दमलीस, बस जरा.' तुम्ही गॅसला शिव्या घालता आणि ताईंना पुन्हा ओट्याशी उभं करता!"

मामांना ते परत आलेलं टेबल आठवलं. ते टेबल आरशाच्या हातचं होतं. आरसा म्हणजे मामांचा जुना जोडीदार. त्याने पॉलिश केलेल्या फळीत बघून दाढी करावी, म्हणून हे नाव. हल्ली त्याची नजर अधू झाली होती. सगळं खातं त्याच्या मागून गुपचूप फडकं फिरवायचं, ते टेबल तेवढं नजरेतून निसटलं. बोललं तर त्याची नोकरी जाईल ही भीती. न बोललं तर डोळेच जातील, हे मात्र कुणी मनात येऊ दिलं नव्हतं.

सकाळी मामा सुतारखात्याच्या दारात उभे राहिले. करवती थांबल्या.

"टेबलाचं लाकूड चांगलं होतं," मामा म्हणाले. "चूक आमची."

सुतारांचा मुकादम घाबरलाच. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"मी ठणठणीत आहे. आरशाला नीट दिसत नाही."

"ते आम्हाला कधीचं ठाऊक आहे! परवा मला 'वहिनी' म्हणाला. पण सांगायचं कुणाला? तुम्ही म्हणाला असतात, सुतारांनाच अंधुक दिसतं."

दोघे मुकादम मिळून मालकांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच एका बाजूने बोलले. नोकरी राहिली, रजाही मिळाली. आरसा मात्र दवाखान्याच्या वाटेवर मामांवर उखडला होता. "सुतारांसमोर उघडं पाडलंस मला?"

"पाडलं. पायरी आहे, सांभाळ."

मोतीबिंदू होता, चांगलाच पिकलेला. पण वेळ गेली नव्हती.

पट्टी निघाली तेव्हा मामा समोरच बसले होते. आरशाने त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"केवढा म्हातारा झालायस रे!" तो म्हणाला. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आपलं खातंच तसं," मामा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.