मान हलली म्हणजे कळलं असं नाही

चाळीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान जागेवर राहतात, पण कामाचे राहत नाहीत. वहिनींचे निम्मे गेले होते, त्यांच्या धाकट्या दिराचे पुरते. कारखान्यात दोघं शेजारच्या मागांवर उभी राहिली, ओठांवरून बोलली, भांडलीसुद्धा. पण ऐकू येत नाही हे परक्यापुढे कबूल करायची दिराला भारी लाज. समोरचा काहीही विचारो, हा दोनदा जोरात मान हलवून मोकळा. खरोखर कळलं असेल तर एकदाच हलवायचा, तीही सावकाश. हा फरक वहिनींशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

हर्नियाच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना भेटायला पठ्ठ्या एकटाच जाऊन आला. मी काय कुकुलं बाळ आहे, म्हणाला. ऑपरेशनच्या सकाळी मात्र वहिनी हट्टानं बरोबर गेल्या, तर नर्सबाईंनी त्यांना दारातच अडवलं. नातेवाइकांनी बाहेर बसायचं, असा नियम. वहिनी बसल्या आणि स्वतःवरच चिडल्या. सहा वर्षांपूर्वी नवरा आत होता, तेव्हाही त्या अशाच शहाण्यासारख्या बाहेर बसल्या होत्या. छातीत कळ येतेय हे तो भिडस्त माणूस कुणाला सांगेना, आणि त्याचा चेहरा वाचणारी बाई बाकावर. तो घरी परतला नाही.

दाराच्या काचेतून दिसत होतं. नर्सबाई काहीतरी विचारत होत्या, तोंडावर मास्क. दिरानं मान हलवली. दोनदा, जोरात.

वहिनींनी दार ढकललं आणि काय विचारलंत म्हणून विचारलं. रक्त पातळ करायची गोळी पाच दिवसांपासून बंद आहे ना, एवढंच, आणि पेशंट हो म्हणालेत, असं नर्सबाईंनी फणकाऱ्यानं सांगितलं.

"आज सकाळीच घेतलीय. माझ्या डोळ्यांदेखत."

डॉक्टर धावत आले. कापल्यावर रक्त थांबवताना नाकीनऊ आले असते, कदाचित थांबलंही नसतं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. गोळी बंद करा म्हणून पेशंटला बजावलं होतं, असं डॉक्टर मास्कआडून पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

"तोंड झाकून बजावलंत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजींना ओठ दिसल्याशिवाय कळत नाही. नवऱ्याच्या वेळी मी बाहेर बसले. आता बसणार नाही. हवं तर पोलीस बोलवा."

पोलीस कुणी बोलावले नाहीत. दीर खाली मान घालून बसला होता.

आठवड्यानं दोघं पुन्हा त्याच खोलीत आली. या वेळी नर्सबाई दुसऱ्या होत्या. त्यांनी वहिनींकडे बघून दाराकडे बोट केलं. वहिनींनी पदर खोचला, तेवढ्यात दिरानं त्यांचं मनगट धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसापुढे खणखणीत आवाजात म्हणाला,

"मला ऐकू येत नाही. वहिनी इथंच थांबतील."