फुलेऱ्याला जाऊन येण्याइतकी

जयपूरच्या सोडाल्यातल्या आमच्या इमारतीखाली एक छोटी पांढरी विजेची गाडी उभी असते. तिच्या पुढच्या सीटवर निळ्या चौकड्यांची उशी आहे. गाडी शेषरावांची, उशी त्यांच्या बायकोची, अनुसयेची.

शेषराव मूळचे अकोल्याकडचे. मालगाडीवर गार्ड म्हणून लागले आणि राजस्थानचेच झाले. मी मुलाच्या नोकरीपायी जयपूरला आले, त्या पहिल्याच आठवड्यात लिफ्टपाशी वऱ्हाडी बोलणं कानावर आलं आणि माझे डोळे भरले. नाटक सुटल्यापासून माझ्या भाषेला प्रेक्षक उरला नव्हता. अनुसयेनं तो मिळवून दिला. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती बहुतेक वेळ खाटेवरच असायची. दुपारी मी तिच्यासमोर उभी राहून एखादा अंक करायची. नायिका मी, सासू मी, दारावरची थापसुद्धा मीच. शेषराव दारातून झेंडी दाखवल्यासारखा हात हलवायचे की आमचा पडदा वर.

अनुसयेचं एकच मागणं होतं. फुलेऱ्याला जायचं. तिथं त्यांचं रेल्वेचं पहिलं क्वार्टर होतं आणि भिंतीपलीकडे शेजारीण भँवरी होती. नवरा ड्यूटीवर असताना अनुसयेचं पहिलं बाळंतपण भँवरीनं केलं होतं. आता ती फार म्हातारी झाली होती, फोनवर तिला ऐकू येत नव्हतं. भेटायचं तर जायलाच हवं होतं.

"टॅक्सी करा की," मी एकदा म्हटलं. "साठ किलोमीटर तर आहे."

"नाई ताई," अनुसया म्हणाली. "आयुष्यभर मी यांच्या गाडीले हात दाखवला. शेवटच्या डब्यात हे उभे, अन् मी अंगणात. बायकोले काही त्या डब्यात बसू देत नाईत. आता यांची सोताची गाडी आली, तर मी परक्याच्या गाडीत बसू?"

गाडी घेतली होती ती त्यासाठीच. जुनी, दुसऱ्याच्या हातची. घेतानाच नंदकिशोर मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं की नवी होती तेव्हा हिच्या बॅटरीत एकवीस युनिट वीज मावायची, आता सोळाच मावते. "टाकी तीच आहे बाबूजी, पण तळाशी गाळ बसलाय असं समजा," असं तो हिंदीत म्हणाला होता. रात्रभर चार्जिंग करून सकाळी चावी फिरवली की समोर आकडा यायचा, शहाण्णव. एवढे किलोमीटर गाडी जाणार. फुलेऱ्याला जाऊन यायचं तर लागणार होते एकशे अठरा.

"जायले तर पुरते ना?" अनुसया विचारायची.

"अन् यायले?"

"भँवरी बाज टाकून देईल अंगणात. तिच्या घरी वायर लावू, सकाळी निघू."

"तिच्या घरची वीज कधी येते, कधी जाते. तुले रात्री दुखलं तर काय करू? रस्त्यात गाडी बंद पडली तर तुले उन्हात घेऊन बसू?"

"बसा ना. मी काय पहिल्यांदा तुमची वाट पायते? या वेळी संगं बसून पाहीन."

शेषराव हसायचे, पण हलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, इंजिन स्टेशनात शिरलं म्हणजे गाडी पोचली असं होत नाही. शेवटचा डबा आत आला, त्यामागची पाटी दिसली, की मग गाडी पोचली. गार्डाची सगळी नोकरी त्या शेवटच्या डब्याची. परत येण्याची खात्री नसेल तर त्यांच्या हिशेबी निघणंच खोटं होतं. आणि समोर दिसणाऱ्या आकड्यावर शंका घेणं त्यांना ठाऊक नव्हतं. सिग्नल लाल म्हणजे लाल.

मग ते अनुसयेला जवळपास फिरवायचे. जुन्या शहराच्या तटाच्या, चारदीवारीच्या दरवाज्यापर्यंत, दवाखान्यात, कधी नुसतं दूध आणायला. उन्हाळ्यात ते आधी खाली जाऊन एसी पूर्ण जोरात लावून ठेवायचे. गाडी आतून गार झाली की मगच तिची चाकांची खुर्ची खाली न्यायची, तिच्या कमरेखाली उशी सरकवायची. ती मला खिडकीतून हात दाखवायची. हात दाखवायची तिची सवय जुनी होती.

नवी बॅटरी मागवली होती, पण त्या मॉडेलची मिळेना. आज येईल, उद्या येईल. "थंडी पडू दे," शेषराव म्हणायचे. थंडी पडली. अनुसयेच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं. तिथं तिनं एकदा मला विचारलं, "ताई, आकडा काही वाढला का?" मी रंगमंचावर हजार खोटी वाक्यं खऱ्यासारखी बोलले असेन. त्या दिवशी मला एक साधं 'हो' म्हणता आलं नाही. चौथ्या दिवशी ती गेली. नाटकात मी कितीदा मेले, आणि पडदा पडल्यावर उठून चहा प्याले. ही उठली नाही.

माघात एका सकाळी शेषराव एकटेच निघाले. भँवरीला सांगायला हवं होतं. "परत नाई आली गाडी तर नाई आली," मला म्हणाले. "आता कोणाले उशीर होते?" उशी त्यांनी जागची हलवली नाही.

संध्याकाळी खाली गाडी दिसली म्हणून मी उतरले. ते आत बसून होते, हात स्टिअरिंगवर.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली. दारात बसली होती. माझ्यामागं पाहत राहिली, कोणी उतरते का म्हणून. मग म्हणे, एकलो ई आयो? बाई नै कोनी ल्यायो? एकटाच आला, बाईले नाई आणलं का, म्हणून." त्यांनी उशीकडे पाहिलं. "नाई आणलं म्हणालो. गेली म्हणायले तोंडच उघडेना. तिनं आपणच ओळखलं."

मी खिडकीशी वाकले.

"ताई, आकडा उतरेचना. तिथं पोचलो तं अजून पासष्ट बाकी. मले वाटलं, बिघडला. येताना नंदकिशोरकडे गेलो. तो म्हणे, बाबूजी, ही गाडी मागची चाल पाहून पुढचा आकडा सांगते. तुम्ही रोज दोन-तीन किलोमीटर जाता, एसी जोरात ठेवता, अर्धी वीज त्यातच जाते, म्हणून ती शहाण्णव सांगते. आज मोकळा रस्ता, एसी बंद, पन्नासची संथ चाल. आज ती एकशे तीसच्या वर गेली असती."

त्यांनी समोर बोट दाखवलं. काचेमागे हिरवा आकडा होता. अजून सतरा बाकी.

"एसी तिच्यासाठीच लावत होतो ना," ते म्हणाले. "तिले ऊन लागू नये म्हणून. अन् तेवढ्यानंच तो आकडा..."

मी दार उघडून मागच्या सीटवर बसले. पुढची जागा तिची होती.

ते हळूच म्हणाले, "पुरली असती ताई. जायले बी, यायले बी."