बूटमावशीचे स्वतःचे बूट

डोंगरातल्या त्या गावात बस थांबते, तिथून वर चढणाऱ्या गल्लीत बूटमावशीचं दुकान आहे. पाटीबिटी काही नाही. दारात बुटांच्या जोड्या ओळीने मांडलेल्या दिसल्या की समजायचं. उंचावरच्या खिंडीपर्यंत चालत जायला आलेले लोक आधी काही दिवस या गावात मुक्काम ठोकतात, कारण विरळ हवेची सवय न करता वर गेलं की डोकं धरून बसायची पाळी येते. या लोकांची खोड मात्र सगळ्यांची एकच. वर्षभर जिने चढतील, पोट कमी करतील, औषधांची पिशवी गच्च भरतील, आणि बूट घेतील निघायच्या आदल्या दिवशी. असा कोरा, कडक बूट घालून खिंड चढायची म्हणजे पायाला फोड येणारच, ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून ते लोक गावात हवेची सवय करून घेत असतात तेव्हा त्यांचे बूट मावशी घालून फिरते. सकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत चढ, मग खाली लाकडाच्या वखारीपर्यंत उतार, दुपारी ओल्या फरशीवरून चार फेऱ्या. देव पाय देताना तिच्यावर जरा जास्तच खूश होता. लहानपणी भावंडं म्हणायची, ही यायच्या आधी हिचे पाय घरात येतात. त्याच पायांवर पुढे तिचं घर चाललं. दोन-तीन मोजे चढवले की कुठल्याही बाप्याचा बूट तिला होतो.

पण नुसतं घालून फिरली तर ती बूटमावशी कसली. बूट हातात घेण्याआधी ती गिऱ्हाइकाला गल्लीत चालायला लावते. "चला, जरा तिथवर जाऊन या," म्हणते आणि उंबऱ्यावर बसून बघते. कोणी बाहेरच्या कडेवर भार टाकतं, कोणी चवडे आत वळवतं, कोणी टाच घासत चालतं. मग ती थेट तसंच चालते. बूट ज्याचा, चाल त्याची, एवढा साधा हिशेब. त्यामुळे गावाची फुकट करमणूक होते. सकाळी मावशी एखाद्या सुटलेल्या पोटाच्या साहेबासारखी डुलत जाते आणि दुपारी कवायतीच्या मास्तरासारखी छाती काढून परत येते. चहावाला दुरूनच विचारतो, "मावशी, आत्ता कोण आहात तुम्ही?"

मावशीचा नवरा शिंपी. तंबू शिवतो, झोपायच्या पिशव्यांच्या चेनी बदलतो. दुकानामागेच घर, तिथे खिडकीशी मशीन आणि मशीनशी तो. या माणसाला खुर्चीवरून उठवायचं तर घराला आग लागायला हवी, असं मावशी म्हणते, आणि तेव्हाही आधी टाका पूर्ण करेल, असंही म्हणते.

आता गंमत बघा. खिंडीपर्यंत गेलेले कितीतरी बूट मावशीने रुळवले, पण ती स्वतः टाकीच्या वर कधी गेली नाही. वर जायचा हंगाम तोच तिच्या कामाचा हंगाम. जायचं मनात फार होतं. खिंडीतून पलीकडे काय दिसतं, हे ती परत आलेल्या प्रत्येकाला विचारायची, आणि प्रत्येक जण म्हणायचा, "मावशी, ते सांगता येत नाही." तिला त्याचा राग यायचा.

या वर्षी हंगामाच्या तोंडावर तिची मुलगी आली. ती खाली शहरात नोकरीला असते. इथेच वाढलेली पोरगी, पण गल्ली चढताना तिची धाप मावशीला दुकानात ऐकू आली. काखेत खोकं होतं. आत येऊन ती मटकन बसली आणि श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "आई, खिंडीला जायचे पैसे भरलेत. माझे आणि तुझे. मला हवेची सवय झाली की निघायचं."

"वेड लागलंय का? आणि दुकान?"

"मी बघेन दुकान," खिडकीशी बसलेल्या नवऱ्याचा आवाज आला.

"तुम्ही? तुम्हाला बुटातला डावा-उजवा तरी कळतो का?"

पण तेवढ्यात मुलीने खोकं उघडलं. मावशीच्याच मापाचे बूट होते, एका मोज्यावर बसणारे. असे बूट तिच्या पायात जन्मात आले नव्हते. ती इतकी सुखावली की चहा ठेवायला विसरली.

अडचण एकच होती. खिंडीला नेणाऱ्या गाईडचा नियम कडक होता. निघायच्या आदल्या दिवशी तो सगळ्यांना टाकीमागच्या डोंगराच्या धारेवर चढवतो, आणि जो लंगडेल त्याला ठेवून जातो. मावशीला तो म्हणाला, "तुम्हालाही नियम तोच हं." मावशी हसली. तिला कसली आली बुटांची भीती?

पहिल्याच संध्याकाळी टाच लाल झाली. दुसऱ्या दिवशी करंगळीवर फोड आला. मावशीला काही उमगेना. बूट चांगला, माप बरोबर, मग चावतो का? तिसऱ्या दिवशी ती अर्ध्या चढावर कठड्यावर टेकली आणि तिच्या एकदम लक्षात आलं. चढताना ती मागच्या आठवड्यातल्या लठ्ठ साहेबासारखी चालली होती आणि उतरताना कुणा डॉक्टरसारखी. रोज नवीन माणूस. बिचाऱ्या बुटाने कुणाचं ऐकायचं? मग ती ठरवून स्वतःसारखी चालायला गेली, तर पाय अडकायलाच लागले. आपण कसे चालतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन तिने बूट काढून कोपऱ्यात ठेवले. "तू एकटी जा बाई," ती मुलीला म्हणाली. "मला माझं चालणंच सापडत नाही."

मुलगी आधी हसली. मग आईचे भरून आलेले डोळे बघून म्हणाली, "पट्टी लावू, आई. जाडा मोजा घाल."

"लोकांचं चालून चालून माझं पुसलं गेलं. आता कुठे शोधू?"

मशीन थांबलं. शिंप्याने कात्री बाजूला ठेवली आणि चक्क उठला. "थांबा. मी दाखवतो."

तो ओट्यापासून निघाला आणि दारापर्यंत चालत गेला. उजवं पाऊल लांब, डावं आखूड. कंबर डावीकडे बाहेर काढलेली, डावा खांदा वर, आणि डावा हात कोपरात दुमडून अंगाशी धरलेला. दारापाशी वळला आणि तसाच परत आला.

मुलगी पोट धरून हसत होती. "अगदी आई! पण बाबा, हात असा का धरलाय?"

"तिला विचार. की नको, तिलाही माहीत नसेल." तो खुर्चीत बसला. "तू चालायला फार उशीर लावलास. डॉक्टरही काळजीत होते. ही तुला कडेवर घेऊन स्वयंपाक करायची, पाणी आणायची, टाकीपर्यंत जायची. मग तू खाली उतरलीस, धावायला लागलीस, पण हिची कंबर काही सरळ झाली नाही."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही कधी बघितलंत हे?"

"रोज. बाहेर तू कोण कोण असतेस. दुकान बंद करून बूट काढतेस, तेव्हा घरात तेवढी तू तूच असतेस." त्याने दोरा ओवला. "मी दुसरं काय बघतो?"

संसारात त्याने तिला एवढं मोठं काही कधी म्हटलं नव्हतं. तिने फोडाला पट्टी लावली, बूट चढवले, डावा हात कोपरात दुमडला आणि गल्लीत उतरली. त्या दिवशी चहावाल्याने काही विचारलं नाही. उरलेले दिवस ती तशीच चालली, कधी एकटी, कधी मुलीबरोबर.

धारेवर चढायच्या दिवशी गाईड वर उभा राहून एकेकाला बघत होता. मावशी डावीकडे झुकत, संथपणे चढत आली. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मावशी, लंगडताय तुम्ही."

"नाही रे."

"मला दिसतंय ना. बूट काढा बघू."

तिने दगडावर बसून बूट काढले, मोजे काढले. त्याने वाकून नीट पाहिलं. करंगळीवरचा फोड वाळून गेला होता, टाचा कोरड्या, कुठे साधी लालीही नव्हती.

"मग अशा वाकड्या का चालता?"

"कडेवर मुलगी आहे," मावशी म्हणाली.

तिच्याहून वीतभर उंच मुलगी दोघींच्या पिशव्या पाठीवर घेऊन शेजारीच उभी होती. तिने तोंड दरीकडे वळवलं. गाईडने एकदा दोघींकडे पाहिलं, मग मावशीचे बूट उचलून तिच्या पायांशी सरळ ठेवले आणि म्हणाला, "उद्या उजाडायच्या आत तयार राहा."