थोरली, धाकटी आणि एक कॉम्प्युटर

देवळाली प्रवराच्या बसस्टँडमागे शुभांगीचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं. बारा वर्षं ती त्याच खुर्चीत बसते. लोक कागद घेऊन येतात आणि जाताना अर्धं आयुष्य सांगून जातात. तिला माणसं आधी आधार कार्डावरच्या फोटोतून आठवतात, मग चेहऱ्याने.

तिच्या कॉम्प्युटरवर एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या आहेत. सरकारी पानं नवीशिवाय उघडत नाहीत. कालव्याच्या पाणीवाटप संस्थेचं पान मात्र फार जुनं. ते जुन्या आवृत्तीतच चालतं, अंगठ्याचं यंत्रही तिथेच ऐकतं. शुभांगी जुनीला थोरली म्हणते, नवीला धाकटी. थोरलीला संस्थेच्या पानापलीकडे कुठे पाठवायचं नाही, हे तिने ठरवून टाकलेलं. म्हाताऱ्या माणसाला रहदारीत कशाला सोडा.

श्रीरामपूरच्या ज्या माणसाने या दोघी बसवल्या, त्याने दोघींचं सामान दोन वेगळ्या फोल्डरांत ठेवलं होतं. पासवर्ड, पानांच्या जपलेल्या खुणा, सगळं वेगळं. "एकत्र करू नका," एवढं त्याने बजावलं होतं. शुभांगीने ते आणि दोघींच्या पडद्यावरच्या चिन्हांमागच्या सूचना वहीत जशाच्या तशा उतरवूनही घेतल्या होत्या.

आणि काल संध्याकाळी तिनेच ते मोडलं.

कारण कॉम्प्युटरचं नव्हतंच. काल सकाळी तिच्या धाकट्या जावेने, दिपालीने, घराच्या मागच्या खोलीत आपली शेगडी मांडली. भांडण असं झालं नाही. शुभांगीला सातला दुकानात यायचं असतं, दिपालीच्या मुलांची शाळा दहाची. एका शेगडीवर दोघींची रोज गाठ पडायची आणि रोज काहीतरी करपायचं. तरी शुभांगीला दुकानात दिवसभर ते डाचत राहिलं. चौदा वर्षं एक घर एका चुलीवर चाललं, आता भिंतीच्या पलीकडून फोडणीचा वास येणार. संध्याकाळी तिची नजर त्या दोन फोल्डरांवर गेली. इथे तरी कशाला दोन? तिने थोरलीचे पासवर्ड धाकटीत भरले, थोरलीला धाकटीच्या फोल्डरात राहायला धाडलं आणि थोरलीचं रिकामं घर पुसून टाकलं.

आज दोनच्या सुमारास बनुबाई आल्या. वीस गुंठ्यांतला घासाचा चारा आणि दोन म्हशी एवढा त्यांचा पसारा. पाण्याच्या पाळीचा अर्ज पाचपर्यंत भरायचा होता. चुकला की पुढचं आवर्तन येईपर्यंत घास वाळून जाणार.

शुभांगीने थोरलीवर क्लिक केलं. आतून इंग्रजीत एक चौकट आली: हे सामान नव्या आवृत्तीने वापरलंय, जुनीला ते चालणार नाही. नवं घर मांडा, नाहीतर बंद करा.

तिने बंद केलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तीच चौकट.

"काय झालं गं?"

"रुसलीय."

"कोन?"

"थोरली."

"आता गं बया. माझ्या म्हशींनी काय घोडं मारलं हिचं?"

नवं घर मांडलं तर जुनं सगळं पुसलं जाईल, या भीतीने तिचा हात उचलेना. संस्थेचा पासवर्ड तिला पाठ नव्हता. तो आता त्या एका उरलेल्या फोल्डरातच होता. साडेतीन वाजले. बनुबाई पदराने वारा घेत घड्याळाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

तेवढ्यात दारात दिपाली उभी. हातात झाकलेली वाटी.

"नव्या शेगडीवरचा पहिला शिरा. कालच करायचा होता, तुमी बोलतच नव्हता ताई."

शुभांगीने मान वर केली नाही. "ठेव तिथं."

दिपाली मागे येऊन चौकटीकडे बघत राहिली. "काय म्हनतीय ती?"

शुभांगीने सांगितलं. कालचा आपला उद्योगही सांगितला, तिरसटपणेच.

"मग मांडा की तिचं वेगळं. माझ्या खोलीत माझी भांडी आली म्हनून तुमच्या फळीवरचं उलथनं तरी हाललं का?"

"ह्यात पासवर्ड जाईल."

"धाकटीकडं न्हाई व्हय तो? तिला इचारा. धाकट्या काय एवढ्या कंजूस नसतात."

बनुबाई खुदकन हसल्या. शुभांगीला मात्र हसू यायला थोडा वेळ लागला. धाकटी तर सकाळपासून बिनतक्रार चालत होती. सगळं सामान तिच्याकडे शाबूत होतं.

तिने वही काढली. थोरलीसाठी नवं फोल्डर केलं, तिच्या पडद्यावरच्या चिन्हात त्याचा पत्ता लिहिला. काल गाळून टाकलेला, दोघींना एका वेळी उघडं राहू देणारा शब्दही वहीत बघून पुन्हा जोडला. थोरली उघडली, कोरीकरकरीत, सारवलेल्या अंगणासारखी. मग धाकटी उघडून तिच्यातला पासवर्ड वाचला आणि थोरलीत एकेक अक्षर भरलं. पान आलं. बनुबाईंनी अंगठा टेकवला. कामाने झिजलेला अंगठा दोनदा उमटला नाही. तिसऱ्यांदा शुभांगीने तो ओल्या फडक्याने पुसून दाबून धरला. चार वाजून दहा मिनिटांनी प्रिंटरने पावती बाहेर ढकलली.

"पाळी मंगळवारची," शुभांगी म्हणाली.

"देव तुमचं लई भलं करो, दोघींचं," बनुबाई पावती कमरेच्या पिशवीत खोचत म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी शिऱ्यात बोट घातलं. "साखर जरा कमी हाय गं."

"ताईंना गोड जास्त चालत न्हाई," दिपाली म्हणाली.

शुभांगीने वाटी पुढे ओढली. शिरा अजून कोमट होता.

"संध्याकाळी कालवण काय करतेस?"

"शेवग्याच्या शेंगा."

"वाटीभर ठेव मला. ठेच्याची वाटी मी पाठवते."

दिपाली गेल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं. डावीकडे थोरली, एकाच पानावर निवांत. उजवीकडे धाकटी, दहा पानं उघडून धावपळ करणारी. दोन्ही खिडक्या तिने तशाच उघड्या ठेवल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद मागितले.